चतुराकाकूचा नेम आणि शेंदूर लागलेल्या गोगलगायी

चतुराकाकू दर चातुर्मासात एक नेम धरते आणि दर चातुर्मासात त्या नेमाला कुठून तरी वळसा घालते. हे मी तिच्या पाठीमागे लिहीत नाही. तिच्या तोंडावर म्हटलं तर ती स्वतःच जुने नेम एकेक काढून दाखवते. एका वर्षी चहा सोडला आणि कॉफी धरली. एका वर्षी दुपारपर्यंत मौन होतं, तेव्हा तिनं शेजारणीशी एक अख्खं भांडण उलथन्यानं केलं. उलथनं खाली आपटलं की ‘बस कर’, वर नाचवलं की ‘तुह्या मायनं शिकवलं नाई का’. आम्हाला सगळं समजत होतं. गेल्या वर्षी खोटं न बोलण्याचा नेम होता, तर ती चार महिने फारशी घराबाहेरच पडली नाही.

मी तिची शेजारीण. लग्न होऊन किन्हीराजात आले तेव्हा तिला अहो-जाहो करून पाहिलं, पण तिनंच करू दिलं नाही. “अवो वैजयंते, तुमी-तुमी केलं का मले वाटते कोनी पाहुनी आली,” म्हणाली. तेव्हापासून ती माझी काकू आणि ‘तू’.

गावाच्या कडेला मारुतीचं देऊळ आहे आणि देवळाच्या भिंतीला लागून काकूची पाच गुंठ्यांची पट्टी. बाकीचं वावर तिचा मुलगा लखन बटईनं, पिकाच्या वाट्यावर, देतो, तो वाशीमला नोकरीला. ही पट्टी मात्र काकूची. तिच्यात ती फक्त झेंडू लावते. दसऱ्याला आमच्या बाजूची नव्वद-एक घरं काकूच्याच फुलांची तोरणं बांधतात. फुलांना भाव नाही. सुगी झाली की ज्यानं त्यानं आपल्या मनानं थोडी तूर, थोडं सोयाबीन तिच्या ओट्यावर आणून टाकायचं. तुरीचं तिला काही नाही. काका गेल्यापासून दसऱ्याची सकाळ ही एकच वेळ अशी, की नव्वद घरचं माणूस तिच्या दारात उभं असतं आणि ती कोणाला आधी, कोणाला मागून, कोणाला चार शब्द सुनावून फुलं देते. वर्षभर ती त्या सकाळीवर जगते, हे मी पाहिलेलं आहे.

तर यंदा आषाढी एकादशीला देवळात बायकांनी विचारलं, “काकू, यंदा काय सोडलं?”

“यंदा जीव मारनार नाई. चार महिने. मुंगीबी नाई.”

“आन् डास?”

“फुकीन त्याले.”

परत येताना मला हळूच म्हणाली, “सोपा हाये वो हा नेम. म्या काय वाघ मारत होती का?”

आठ दिवसांनी सकाळी ती पट्टीवर गेली तर झेंडूच्या दोन ओळी गायब. रोपं वीतभर झाली होती, त्यांचे नुसते दांडे उरले होते. काकू तिथून तडक उकंडरावांच्या दारात. उकंडराव तिचे चुलत दीर, नाल्यापलीकडचं सोयाबीन त्यांचं, आणि त्यांच्या तीन शेळ्या.

“भाऊजी, तुमच्या शेळ्याइनं माहा झेंडू खाल्ला.”

“वहिनी, माह्या शेळ्या बांधून हायेत.”

“मंग रातच्याले सोडल्या असतीन.”

“शेळी रातच्याले चोरून येते, झेंडू खाते आन् परत जाऊन स्वतःले बांधून घेते? इतली हुशार शेळी असती तर म्या तिले सरपंच केलं असतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडता काकू मला घेऊन पट्टीवर गेली. शेळ्या नव्हत्याच. मातीवर चकाकणारे चिकट रस्ते होते आणि प्रत्येक रस्त्याच्या टोकाला, मुठीएवढ्या शंखात बसून, एकेक गोगलगाय सावकाश न्याहारी करत होती. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, “पाय, कशी निवांत खाऊन राह्यली. जशी काही लग्नाची पंगत.”

त्याच आठवड्यात मंजुषाताई आल्या. त्या आमच्या कृषी सहायक. त्यांनी शंख उलटा करून पाहिला आणि सांगितलं, ही आपल्याकडची नाही. मूळची आफ्रिकेकडची. तिथून मॉरिशस नावाच्या बेटावर गेली आणि बेटावरून पावणेदोनशे वर्षांमागं कोणा साहेबानं कलकत्त्याला आणून सोडली. तिथून ती सगळीकडे पसरली.

“साहेबानं आनली? कायले?”

“हौस असेल, काकू.”

“समुद्रातल्या बेटावरून इतक्या दूर आली, आन् रस्त्यात तिले कोनाचंच वावर दिसलं नाई? मीच भेटली?”

मंजुषाताई पुढं म्हणाल्या, की हिच्यात नर-मादी वेगळे नसतात, दोन्ही एकाच अंगात, आणि एका वेळी शे-दोनशे अंडी घालते.

“नवरा-बायको एकाच अंगात?” काकूनं जरा विचार केला. “भांडन तरी होत नसन.”

उपाय सोपा होता. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती ओळींमधून टाकायची. वासानं गोगलगायी पोत्याखाली जमतात. सकाळी हाताला पिशवी गुंडाळून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

“मिठाच्या पान्यात टाकल्यावर काय होते?”

“मरतात.”

“तेवढं सोडून सांग.”

“तेवढं सोडून काही नाही, काकू. आणि एकट्यानं वेचून उपयोग नाही. सगळ्या गावानं एकाच दिवशी वेचायला पाहिजे.”

मंजुषाताई गेल्या. काकूनं पोती टाकली, गुळाचं पाणी शिंपलं. सकाळी उचलून पाहिलं तर पाऊण बादली. आता या बादलीचं करायचं काय? काकूनं बादलीकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं आणि मग नाल्यापलीकडच्या उकंडरावांच्या सोयाबीनकडे पाहिलं.

“काकू, नको,” मी म्हटलं.

“मारून तर नाई राह्यली. घर बदलून देऊन राह्यली.”

बादलीचं झाकण मीच धरलं होतं, म्हणून यात माझाही वाटा आहे, आणि तो मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला. रोज दिवा लावला की चार ओळी लिहायची माझी सवय आहे. त्या दिवसांत चारपैकी दोन ओळी गोगलगायींच्याच असायच्या. रोज उजाडताना बादली नाल्यापलीकडे जायची, आणि रोज दुसऱ्या दिवशी पोत्याखाली पुन्हा पाऊण बादली. काकूला शंका आली.

“ह्या त्याच हायेत वो. परत येऊन राह्यल्या. नाईतर भाऊजीच आनून टाकून राह्यले.”

“गोगलगाय ओळखायची कशी?”

“खून कराची तिच्यावर.” तिच्या बोलीत खूण म्हणजे खून.

मारुतीचा शेंदूर कालवायचं काम काकूकडे आहे. शुक्रवारी ती तेलात शेंदूर कालवून वाटी रामधनकडे देते. रामधन देवळाची झाडलोट करतो आणि शनिवारी देवाला शेंदूर लावतो. त्या शुक्रवारी श्रावणातला पहिला शनिवार तोंडावर होता, म्हणून काकूनं जास्त कालवला. रामधनची वाटी भरल्यावर खाली बोटभर उरला. काकूनं कापसाची वात काडीला गुंडाळली आणि बादलीतल्या एकेका शंखाला ठिपका लावला. मी म्हटलं, “काकू, देवाचा शेंदूर आहे.”

“देवाचा देवाले गेला. हा वाटीचा हाये.”

दोनशेच्या वर ठिपके लावले. हात भरून आला तेव्हा ठिपके मोठे होत गेले, शेवटच्या वीस-पंचवीस तर अख्ख्या शेंदरी झाल्या. मग नेहमीसारखी बादली नाल्यापलीकडे. तेलातला शेंदूर पाण्यानं जात नाही, हे तिला माहीत होतं. एवढंच तिला माहीत होतं.

शनिवारी सकाळी उकंडराव सोयाबीनमध्ये शिरले. गोगलगायींनी त्यांनाही वैताग आणला होता. दिसली की टाच ठेवायची, हा त्यांचा रिवाज. पहिलीच दिसली, त्यांनी पाय उचलला आणि पाय तसाच वर राहिला. खाली शेंदूर. बाजूला अजून एक शेंदूर. पलीकडे एक अख्खी शेंदरी, शिंगं बाहेर काढून, देवळाच्या दिशेनं निघालेली. आणि दिवस शनिवारचा, महिना श्रावणाचा!

उकंडराव एका पायावर किती वेळ उभे होते ते त्यांनाच माहीत. तिथूनच त्यांनी रामधनला हाक मारली. रामधन आला, त्यानं पायातल्या चपला काढल्या. तासाभरात अर्धं गाव नाल्यावर. फोटो निघाले, जऊळक्यापासून लोक दुचाकीवर बघायला आले. काकू आणि मी गर्दीत मागे उभ्या होतो. काकूनं माझा दंड एवढा घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी निळा झाला.

“वहिनी,” उकंडराव डोळे पुसत म्हणाले, “दोन हप्त्यापासून मी ह्याइले चिरडून राह्यलो वो. काय पाप झालं असन माह्या हातून!”

“नाई वो भाऊजी,” काकू म्हणाली. “तुमाले काय ठाव.”

ते मात्र खरंच होतं.

रामधननं ठरवलं, की देवाचे जीव देवाकडे पोचवायचे. पाटीत केळीचं पान अंथरून, वर झेंडू नव्हता म्हणून कण्हेर घालून, गोगलगायींची पाटी वाजत-गाजत देवळात आली. नारळ फुटला. ‘बजरंगबली की जय’ म्हणून पाटी देवळामागच्या भिंतीपाशी अलगद उलटी केली. भिंतीच्या पलीकडे काकूची पट्टी. भिंत गुडघाभर.

दुसऱ्या दिवसापासून गावात कोणी गोगलगाय मारेना. शेंदूर नसला तरी मारेना, कारण कोण सांगावं, चिखलानं झाकला असेल! ज्याच्या वावरात सापडेल तो कागदात घेऊन, डोक्याला रुमाल बांधून देवळात यायचा. कोणी पाच आणल्या, कोणी अकरा. एका माणसानं तर मुलाला नोकरी लागू दे म्हणून एकशे एक बोलल्या आणि आणून सोडल्याही. रामधनला रोज तीन-चार नारळ मिळायला लागले. आणि काकूची एकेक ओळ रोज कमी होत चालली.

ती रोज पहाटे वेचायची, पण वेचून नेणार कुठं? नाल्यापलीकडे टाकलं तर उकंडराव हात जोडून परत आणत होते. खरं सांगावं, तर सोळा दिवस बादल्या कोणी ओतल्या हेही सांगावं लागणार. मग दसऱ्याला दारात कोण उभं राहणार, या भीतीनं काकू गप्प. आणि गप्प राहिलं, तर दसऱ्याला द्यायला फूल राहणार नाही.

तिनं एक तोड काढली. रामधनला म्हणाली, “काल माह्या सपनात मारुती आला. म्हने, माह्या गोगलगायी जंगलात नेऊन सोडा. मले डोंगर पसंद हाये.”

मी नंतर म्हटलं, “काकू, खोटं बोललीस?”

“खोटं न बोलन्याचा नेम गेल्या साली होता. तो संपला.”

पण रामधनही कच्चा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “काकू, माह्याही सपनात आले. म्हने, रामधन, त्याइले माह्यापासून दूर नको करू.”

“तुह्या सपनात कधी आला?”

“तुमच्याकडून निंगून सिधे माह्याकडेच आले.”

श्रावणाच्या तिसऱ्या शनिवारी मंजुषाताईंनी देवळासमोर सगळ्यांना बोलावलं. तीस ओळींपैकी काकूच्या चार उरल्या होत्या. सोयाबीनचंही काही चांगलं नव्हतं, बांधाकडच्या रांगा साफ झाल्या होत्या. मंजुषाताईंनी मिठाच्या पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवले होते. त्या कळवळून सांगत होत्या, आज सगळ्यांनी मिळून वेचलं नाही तर पुढच्या साली दसपट होतील. लोक मान खाली घालून ऐकत होते. उकंडराव उठले.

“ताई, तुमचं खरं असन. पन देवाच्या जिवाले हात लावनार कोन? माही हिंमत नाई. माहं सोयाबीन गेलं तर जाऊ द्या.”

मी काकूकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. झेंडू जात होता तेव्हा उतरला नव्हता, तो आता उतरला. ती उठली, पदर खोचला.

“भाऊजी, बसा खाली. तो शेंदूर मारुतीनं नाई लावला. म्या लावला.”

कोणीतरी फोन खाली घेतला.

“तुमी? कायले?”

“खून म्हनून. माह्या गोगलगायी म्या तुमच्या वावरात टाकून राह्यली होती. परत येतात का ते पाहाचं होतं.”

“माह्या वावरात? कितल्या टाकल्या?”

“मोजल्या नाई. बादलीनं टाकल्या. दोन हप्ते.”

बायका पदरात हसायला लागल्या, पुरुष उकंडरावांकडे बघत होते. उकंडरावांचं तोंड लाल झालं. “म्हंजे मी पंधरा दिवस हात जोडून ज्या परत आनून राह्यलो, त्या तुमच्याच घरच्या?”

“घरच्या नाई. बेटावरच्या.”

“वहिनी, थट्टा करू नका!” उकंडराव ड्रमजवळ गेले. “लोकाइले कसं पटन का हा देवाचा शेंदूर नाई? तुमी लावला ना? मंग या. पयली गोगलगाय तुमच्या हातानं टाका ड्रममंदी. तुमी टाका, मंग आमी सारे टाकतो. नाईतर आमी चाललो घरी.”

कोणीतरी एक शेंदरी गोगलगाय पानावर ठेवून काकूसमोर धरली. मला वाटलं, आता काकू वळसा काढणार. डोळे मिटून टाकेल, डाव्या हातानं टाकेल, पान तिरकं करेल आणि म्हणेल ती आपण होऊन पडली. चाळीस वर्षांत तिला कधी अडलेलं पाहिलं नव्हतं. काकूनं पान हातात घेतलं. गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली, काकूच्या अंगठ्याला लावली, परत आत घेतली. काकूनं ड्रमकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या चार ओळींकडे.

“नाई,” ती म्हणाली. “माहा नेम हाये.”

“आता नेम आठवला का?” उकंडराव म्हणाले. “माह्या वावरात टाकत होत्या तवा?”

“तवा म्या नेमाले वाकवून राह्यली होती, ते तर दिसतेच हाये कुठं पोचलं. आता मारली तर मोडन. वाकवाची सवय हाये मले, मोडाची नाई. चार ओळी हायेत, त्याबी खाऊ द्या.” आणि तिनं पान उकंडरावांच्या हातात दिलं. “तुमचं नुकसान म्या केलं. काय बोलाचं ते बोला. दसऱ्याले माह्या दारी नाई आले तरी चालन.”

एवढं बोलून तिनं खोचलेला पदर सोडला.

उकंडराव हातातल्या पानाकडे बघत राहिले. मग खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्या शंखावरचा शेंदूर घासून घासून पुसला. तेलाचा शेंदूर, लवकर निघतो थोडाच. आम्ही सगळे उभे आणि उकंडराव गोगलगाय पुसत आहेत. खालचा तपकिरी शंख दिसायला लागला तेव्हा त्यांनी तो रुमाल देवळाच्या पायरीवर ठेवला, मारुतीला नमस्कार केला.

“शेंदूर तुमचा तुमाले,” देवाला म्हणाले, “आन् ही साहेबाची साहेबाले.” आणि ड्रममध्ये टाकली.

त्यानंतर मात्र गाव सुटलंच. दिवसभर वेचणी चालली. ज्यानं एकशे एक बोलल्या होत्या, त्यानं आपल्या परत मोजून घेतल्या. रामधनची शेंदूर पुसायची पाळी लावली, कारण नारळ त्यानं खाल्ले होते. काकू सगळ्यांसाठी चहा करत होती, ड्रमकडे पाठ करून. मध्येच मला विचारलं, “वैजयंते, मारनाराले चहा पाजला तर नेमात बसते का वो?”

“माहीत नाही, काकू.”

“मंग साखर कमी टाकतो,” असं रामधनच परस्पर म्हणाला आणि काकूच्या हातून डबा घेतला.

चार ओळी वाचल्या. त्यांचेही शेंडे खाल्लेले, उशिरा फुटलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकूनं तोडणी केली आणि टोपलीचा तळ जेमतेम झाकला. रात्रभर तिला झोप लागली नसावी, कारण मी पहाटे सडा टाकत होते तेव्हा ती टोपली मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली होती. दाराकडे बघत नव्हती, असं दाखवत होती.

पहिल्यांदा रामधन आला. मग त्याच्यामागे बायका, मग पोरं, ट्रॅक्टर धुऊन आलेले गडी. नव्वद घरं आली की नाही ते मी मोजलं नाही, पण रांग माझ्या दारापर्यंत होती. काकूनं घराला एक फूल ठरवलं. एकच. “दाराच्या मधोमध लावा,” सांगत होती, “आन् कोनी पुसलं तं सांगा, बाकीची पंगत जेवून गेली.” त्या दिवशी आमच्या बाजूच्या सगळ्या दारांवर आंब्याच्या पानांत एक-एक झेंडू होता.

शेवटी उकंडराव आले. काकूनं त्यांना एक फूल दिलं, मग थांबून आणखी दोन दिली.

“हे काहून?”

“तुमच्या वावरानं दोन हप्ते माह्या पाहुन्याइले जेवू घातलं. हप्त्याचं एक.”

उकंडरावांनी फुलं हातात फिरवली. जायला निघाले, पुन्हा वळले.

“वहिनी, दोन हप्ते नाई. सोळा दिवस. तुमीच नंतर सांगतलं होतं.”

काकूनं टोपलीत पाहिलं. तळाशी एक अर्धवट उमललेली कळी होती. ती उचलून तिनं त्यांच्या हातावर ठेवली.

“ही वरच्या दोन दिवसाची. आता निंगा.”